परत द्यायचं लेकरू

"मक्त्याच्या वावरात शेणखत कोन टाकते, बाई?"

आमच्या शेजारच्या काकाजींनी मला हे विचारलं तेव्हा त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांची सगळी हयात शेतीत गेली. मक्त्यानं केलेलं वावर मालक पुढच्या उन्हाळ्यात परत मागू शकतो, मग त्याचा कस वाढवण्यात आपला पैसा कशाला घालायचा, हा त्यांचा रोखठोक हिशेब. आम्ही तेव्हा बाल कल्याण समितीच्या आदेशानं एका आठ वर्षांच्या मुलीला घरी आणलं होतं. दत्तक घेतलं नव्हतं, प्रतिपालनासाठी आणलं होतं. तिची आई बरी होईपर्यंत ती आमच्याकडे राहणार आणि आई उभी राहिली की तिच्याकडे जाणार, असं कागदावरच लिहिलेलं होतं. दत्तक घेतली असती तर काकाजींनीच पेढे मागितले असते. परत द्यायच्या पोरीत जीव गुंतवायचा, हे मात्र त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, काकाजी, वावर एखाद्या साली पडीक राहिलं तर त्याचं बिघडत नाही, उलट त्याला विसावा मिळतो. लेकराचं आठवं वर्ष पडीक ठेवता येत नाही. ते गेलं की गेलं.

मुलीचं नाव मी इथे लिहिणार नाही, गावही नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे. तशी मनाई नसती तरी लिहिलं नसतं. उद्या ती मोठी होईल, आणि आपल्या लहानपणाबद्दल कुणाला काय सांगायचं हे तिचं तिनं ठरवायचं आहे.

यवतमाळात राहून या विषयाकडे पाहिलं की पहिली गोष्ट दिसते ती ही, की इथली बहुतेक निराधार मुलं अनाथ नाहीत. त्यांना कुणीतरी आहे. कुठे आई आहे पण तिच्या हाताला काम नाही, कुठे बाप आहे पण तो दारूत बुडालेला आहे, कुठे दोघंही आहेत पण वर्षातले सहा महिने गावात नाहीत. आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर पोचलं ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. 2001 पासून शासन त्यांची नोंद ठेवतं आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्याचा आकडा पाच हजारांच्या पुढे गेला आहे. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. सरकारी मदतीचा नियम मात्र आत्महत्या 'पात्र' आहे की 'अपात्र' हे आधी ठरवतो. सातबारा कुणाच्या नावे होता, कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं तपासून पात्र ठरलं तर एक लाख रुपये मिळतात. त्यातले 30 हजार हातात, 70 हजार खात्यात ठेव म्हणून. अपात्र ठरलं तर काहीच नाही. या पात्र-अपात्रतेच्या फायलीत पोरांचा रकाना कुठे असतो, हे मी पुष्कळदा शोधलं आहे. बाप पात्र असो की अपात्र, दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रार्थनेला उभं राहणारं लेकरू तेच असतं.

आणि मरण काही एकाच वाटेनं येत नाही. 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यातले कितीतरी दुसऱ्याच्या वावरात रोजानं पंप पाठीवर घेऊन गेलेले होते. पुसद, महागाव, दिग्रसकडच्या तांड्यांवरून दिवाळी आटोपली की माणसं ऊसतोडीला निघतात आणि मागे म्हातारी आणि नातवंडं उरतात. झरी जामणी, केळापूर भागातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, लग्नाचं वचन देऊन फसवलेल्या कुमारी माता आहेत. त्यांच्या मुलांना बापाचं नाव नाही, म्हणून दाखला काढायला गेलं की अडचण. वर्तमानपत्रांत या मुलींवर कितीदा तरी छापून आलं, विधिमंडळात चर्चा झाल्या. त्यांची पोरं आता स्वतः शाळेत जाण्याच्या वयाची होऊन पुढेही गेली.

या सगळ्यात आया मुलं टाकून पळतात असं कुणी समजू नये. 2019 च्या जानेवारीत यवतमाळात 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा त्याचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते झालं. शेतकऱ्याची विधवा, अंगणवाडीत मदतनीस, पदरात दोन लेकरं. त्या व्यासपीठावर उभ्या राहिल्या तेव्हा मंडपातल्या कितीतरी बायांचे डोळे पाणावले, कारण अशी एक तरी बाई आमच्याकडे प्रत्येक गावात आहे. ती उन्हात कापूस वेचते, रात्री दुसऱ्याची धुणी धुते, पण लेकरू सोडत नाही. प्रतिपालनाचा विचार करताना ही बाई आधी डोळ्यांपुढे हवी. तिच्याशी स्पर्धा करायला आपण निघालेलो नाही. ती पडली तर उठेपर्यंत तिचं लेकरू सांभाळायचं, एवढंच आपलं काम.

आमच्याकडच्या मुलीची आई अशीच पडली होती. नवरा गेल्यावर सहा महिने ती कामाला जात होती, आणि मग एक दिवस उठलीच नाही. खाणंपिणं बंद, बोलणं बंद. माहेरच्यांनी आधी देवऋषी पाहिला, मग गावातल्या आशा ताईनं हट्ट धरला म्हणून तिला नागपूरला उपचाराला नेलं. आजी थकलेली, तिला दिसत नव्हतं. पोरगी बालगृहात आली.

बालगृह वाईट असतं असं मी म्हणणार नाही. तिथे वेळेवर जेवण आहे, शाळा आहे, मायेनं वागणारी माणसंही मी पाहिली आहेत. पण पन्नास मुलांना एक घंटा वाजते आणि सगळी एकदम उठतात, एकदम जेवतात, एकदम झोपतात. त्यात "मला आज वरण नको" म्हणायची सोय नसते. 2015 च्या बाल न्याय कायद्यातच लिहिलं आहे की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय समजावा. त्याच्या आधी कुटुंब, नातेवाईक, प्रतिपालक घर हे सगळे मार्ग पाहून घ्यावेत. कागदावर आपला कायदा फार सुंदर आहे. इंग्लंडात सरकारच्या जबाबदारीवर असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलं प्रतिपालक घरांत राहतात. आपल्याकडे अजून लोकांना हा शब्दच ठाऊक नाही. पुण्यात भारतीय समाज सेवा केंद्रासारख्या संस्थेनं दत्तक जाण्याआधीची तान्ही बाळं प्रतिपालक आयांकडे ठेवण्याची पद्धत पूर्वीच रुजवली, पण ते पुणं. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी आजही कुणी असं मूल घरी आणलं तर लोक आधी विचारतात, "कोनाचं हाय?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "कोन्या जातीचं?"

मलाही हा दुसरा प्रश्न विचारला गेला. हळदीकुंकवाला आलेल्या, सुशिक्षित बायांनी विचारला. मी उत्तर दिलं नाही आणि पुढेही कधी दिलं नाही. पोरगी माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून मटार सोलायची, पाण्याच्या माठात हात घालायची. ज्यांना ते खटकलं त्या आमच्याकडे यायच्या थांबल्या. त्यांच्यावाचून आमचं काही अडलं नाही.

आमची चौकशी करायला ज्या समाजसेविका आल्या त्या वयानं माझ्या विद्यार्थिनींएवढ्या होत्या, पण प्रश्न नेमके विचारत होत्या. घरात कोण कोण आहे, मिळकत किती, कुणाला दुर्धर आजार आहे का, दारूचं व्यसन आहे का, पोलिसांत काही नोंद आहे का. पुण्याला असलेल्या आमच्या मुलाचं आणि सुनेचं म्हणणं काय आहे, तेही त्यांनी फोनवरून विचारून घेतलं. शेवटी त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "मॅडम, आई आली आणि मुलगी जायला तयार नसली, तर तुम्ही तिला काय सांगाल?" आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. मग हे म्हणाले, "आम्ही पण तिच्यासोबत तिच्या गावी जाऊ, दोन दिवस राहू, आणि मग परत येऊ." ते उत्तर त्यांनी लिहून घेतलं. पुढे समितीपुढे हमीपत्रावर सही करताना मला वाटलं, दत्तक घेणारा कायमचं वचन देतो, आपण मात्र परत देण्याचं वचन देत आहोत. ते जास्त कठीण आहे.

ती आली तेव्हा तिच्याजवळ एक दप्तर होतं आणि दप्तरात पुस्तकांच्या मागे प्लास्टिकच्या पिशवीत घडी न करता ठेवलेला बापाचा फोटो. मदतीच्या फायलीला लावायला आधार कार्डावरून मोठा केलेला, त्यामुळे चेहरा जरा फाकलेला. मी विचारलं, भिंतीवर लावायचा का? ती हो म्हणाली. ह्यांनी खिळा ठोकला, फ्रेम आणली. आमच्या माणसांच्या फोटोंना चंदनाचे हार आहेत, म्हणून मी त्यालाही एक आणला. तिनं माझ्या हातातून तो घेतला आणि म्हणाली, "हार नका घालू." मी कारण विचारलं नाही. ती असेपर्यंत तो फोटो बिनहाराचा आमच्या पुढच्या खोलीत होता. आल्या-गेल्याला वाटे, कुणी नात्यातले असावेत.

पहिले काही आठवडे ती फार शहाणी होती. सांगायच्या आधी उठायची, ताट धुऊन ठेवायची, काही मागायची नाही. सगळे कौतुक करत होते आणि मला मात्र भीती वाटत होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं आहे. आठ वर्षांचं पोर इतकं शहाणं असेल तर ते घाबरलेलं असतं, हे मला ठाऊक होतं. आपण चुकलो तर पुन्हा पाठवतील, हे त्याच्या मनात असतं. मग हळूहळू ती खोटं बोलायला लागली, अभ्यास चुकवायला लागली, एकदा रागानं ताट सरकवलं तर वरण भिंतीवर उडालं. त्या दिवशी ओरडले मी तिला, तिनंही उलट उत्तर दिलं. रात्री मी ह्यांना म्हटलं, आता ती इथे राहायला लागली.

एक गोष्ट मात्र आम्हाला उशिरा कळली. तिला ताप आला होता. डॉक्टरांनी खोकल्याचं पातळ औषध दिलं. मी झाकणात ओतून तिच्या तोंडाजवळ नेलं तर तिनं दात घट्ट मिटले. आधी वाटलं, कडू असेल म्हणून नको म्हणते. साखर दिली, गोळी दाखवली, समजावलं. ती माझ्याकडे पाहतच नव्हती, तिची नजर ओट्यावरच्या बाटलीवर होती, तपकिरी रंगाच्या, पांढऱ्या बुचाच्या बाटलीवर. मी बाटली उचलून कपाटात ठेवली तेव्हा कुठे तिचा श्वास सुटला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगून गोळ्या आणल्या, त्या तिनं मुकाट्यानं घेतल्या. बाप गेला त्या दुपारी ती घरी होती, हे नंतर तिच्या मामांनी सांगितलं. त्यानंतर आमच्या घरात कुठलीच तशी बाटली उघड्यावर राहिली नाही, लिंबाच्या झाडावर मारायचं औषधही ह्यांनी टाकून दिलं. फायलीत ही गोष्ट कुठेच नव्हती. अशी गोष्ट फायलीत येत नाही, ती कळायला त्या लेकराजवळ ताप उतरेपर्यंत बसावं लागतं. संस्था आणि घर यांतला फरक मला कुणी विचारला तर मी ही बाटली सांगते.

दर रविवारी आईशी फोनवर बोलायचं, हे समितीनं ठरवून दिलं होतं. आई तोवर माहेरी आली होती, गोळ्या चालू होत्या. सुरुवातीला फोनवर नुसतं "हं, हं" चाले. मग एका रविवारी मी ताटं वाढत असताना ऐकलं. ती आईला सांगत होती, "काकूची भाजी बरी नसते. तुह्यासारखी नसते." त्याच दुपारी तिनं वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली होती. मी स्वयंपाकघरात हसू दाबलं, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. आठ वर्षांच्या मुलीला कळत होतं की आपली आई तिकडे एकटी आहे आणि तिला असं वाटायला नको की आपल्यावाचून पोरीचं चांगलं चाललं आहे. आईला जपण्यासाठी ती माझ्या भाजीला नावं ठेवत होती. तेव्हापासून मी रविवारी मुद्दाम म्हणायचे, "विचार बरं तुझ्या आईला, ती ठेचा कसा करते?" मग मायलेकींचं ठेच्यावर लांबलचक बोलणं चाले आणि मी सांगितल्याबरहुकूम करायचे. तो खरंच माझ्यापेक्षा चांगला होत असे. प्रतिपालन करणाऱ्याला एक गोष्ट जमली पाहिजे, ती ही. लेकराच्या मनातली आईची जागा आपण व्यापायची नाही, ती झाडून-पुसून ठेवायची.

पोळ्याला ती हटून बसली, गावी जायचं. समितीला विचारून आम्ही तिला नेलं. बापाची बैलजोडी त्याच्या मागे विकली गेली होती, हे तिला माहीत होतं. तरी ती गावातल्या पोळ्यात तोरणाखाली उभ्या असलेल्या एकेका जोडीजवळ जाऊन पाहून आली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मामांनी तिला लाकडी बैल दिला, चाकांचा. मुली सहसा बैल नेत नाहीत, पण तिनं नेला आणि घरोघरी जाऊन बोजारा मागितला. जमलेली नाणी तिनं आईच्या हातात ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात समितीनं आदेश दिला, मुलीनं आईकडे परत जावं. त्या दिवशी तिची आई नवीन लुगडं नेसून आली होती, केसाला तेल लावून. अध्यक्षांनी मुलीला जवळ बोलावून विचारलं, आईनं कागदावर सही केली. मग आई माझ्याजवळ आली आणि तिनं हळूच विचारलं, "ताई, रात्री पाय झाडते का हो आजून?" मी म्हटलं, "कमी झालं. पण पांघरूण सारखं करत जा." मुलीची औषधं, दाखला, कोणत्या धड्यापर्यंत अभ्यास झाला, गणितात कुठे अडते, हे सगळं मी तिला सांगितलं आणि तिनं मन लावून ऐकून घेतलं. ह्यांनी कबूल केल्याप्रमाणे आम्ही दोन दिवस त्यांच्या गावी राहिलो. आई आता गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. मुलगी त्याच शाळेत आहे. दिवाळीला आणि उन्हाळ्यात येते, आणि आता मला "भाजी बरी नसते" असं तोंडावर सांगते.

ती गेल्यावर दुःख झालं. पुष्कळ झालं, ते लपवण्याचं कारण नाही. पण ते होऊ नये म्हणून आधीपासूनच जीव बेतानं लावावा, ही सूचना मला मुळीच मान्य नाही. आपल्याला उद्या रडावं लागू नये म्हणून आज एका पोरीला अर्धी माया द्यायची, यात शहाणपण कसलं? रडायला मोठी माणसं आहेत.

हे सगळं मी सांगितलं ते माझ्या घरी घडलं म्हणून. पण या जिल्ह्यातली खरी प्रतिपालक मी नव्हे. ती त्या म्हाताऱ्या आज्या आहेत, मामा-मावश्या आहेत, पोरकी पुतणी आपल्या तिघांत चौथी म्हणून झोपवणारे काका आहेत. त्यांच्या घरी कुणी चौकशीला येत नाही आणि त्यांचं कुणी कौतुकही करत नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आई-बाप नसलेली, दोहोंपैकी एकच असलेली, आई किंवा बाप दुर्धर आजारानं अंथरुणावर असलेली किंवा तुरुंगात असलेली, शेतकरी आत्महत्याग्रस्त घरातली, अशी अठरा वर्षांपर्यंतची मुलं संस्थेत न पाठवता घरीच वाढावीत म्हणून सांभाळणाऱ्याला महिन्याला पैसे मिळतात. बरीच वर्षं ते 425 रुपये होते. कोरोनात घरंच्या घरं उजाड झाली तेव्हा 1100 झाले, 2023 पासून 2250. योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. ते नाव नुसतं शोभेचं राहू नये. जिच्या घरात फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह निघालं, ज्या बाईनं त्यातल्याच एका विधवेचा मुलगा यशवंत आपला म्हणून वाढवला आणि डॉक्टर केला, आणि जी 1897 च्या प्लेगात आजारी पोर पाठीवर घेऊन धावली आणि त्यातच गेली, तिचं हे नाव आहे.

या योजनेच्या अर्जाला एक फोटो जोडावा लागतो. घरासमोर, लेकरासोबत, सांभाळणाऱ्याचा. निवृत्तीनंतर मी गावोगाव हे अर्ज भरून देते, त्यामुळे असे पुष्कळ फोटो माझ्या हातून गेले. बहुतेकांत मागे टिनाचं घर असतं, एका कोपऱ्यात पऱ्हाट्यांचा ढीग, तुळस असली तर डालड्याच्या डब्यात. म्हातारी डोक्यावरचा पदर घट्ट ओढून कॅमेऱ्याकडे अशी पाहते की जणू कुणी तिची झडती घेत आहे. पोर शाळेच्या गणवेशात, कारण तेवढाच एक बरा कपडा. एका आजीनं फोटोच्या आधी नातवाचे केस पाण्यानं चोपून बसवले आणि मग स्वतःच्या हाताकडे पाहत मला म्हणाली, "बाई, आमी चांगले दिसलो नाई त पैसे भेटनार नाई का?" मी तिला सांगितलं, आजी, याचा तसा काही नियम नाही. पण तिचा प्रश्न अगदीच वेडा नव्हता. मुलाच्या मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, हे सगळं गोळा करायला तिला तालुक्याला किती खेपा माराव्या लागतात आणि प्रत्येक खेपेला रोज बुडतो. मंजुरी मिळाली तरी अनुदान वेळेवर येईलच असं नाही. मुलाचं पोट दर महिन्याला भरायचं असतं, थकबाकीनं नव्हे. सरकारला माझं मागणं आहे की या पैशांना पगारासारखी तारीख ठरवून द्यावी.

आणि अठरा वर्षांनंतर? कायद्याचं मूलपण त्या वाढदिवसाला संपतं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी शंभरावर बेवारस, दिव्यांग मुलांना स्वतःचं आडनाव दिलं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षांनंतर अशा मुलांना बाहेर काढू नका, त्यांना आयुष्यभराचा आसरा द्या, हे ते कितीतरी वर्षं सांगत आले आहेत. त्यांच्याकडे वाढलेली एक अंध मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी नोकरीत लागली. 2018 पासून महाराष्ट्रात अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण आहे, तेही अमृता करवंदे नावाच्या एका अनाथ मुलीनं दार ठोठावलं म्हणून. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे. तरीही ज्याला घर आहे त्याचा अठरावा वाढदिवस आणि ज्याला नाही त्याचा, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आपल्या घरच्या अठरा वर्षांच्या पोराला आपण अजून मोबाइलचं रिचार्ज मारून देतो.

म्हणून माझं वाचकांना सांगणं आहे. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिपालक होण्यासाठी आता लग्न झालेलं असण्याची अट उरलेली नाही. 35 ते 60 वर्षांच्या अविवाहित, विधवा, घटस्फोटित माणसांनाही अर्ज करता येतो. एकट्या बाईकडे मुलगा किंवा मुलगी, एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा देतात. मिशन वात्सल्यमधून लेकराच्या खर्चासाठी महिन्याला 4000 रुपयांची तरतूद आहे. मूल कायद्यानं दत्तक जाण्यास मोकळं असेल आणि दोन वर्षं तुमच्याकडे राहिलं असेल तर पुढे दत्तकाचाही विचार होऊ शकतो, पण कृपा करून त्या आशेवर सुरुवात करू नका. सहा वर्षांपुढची मुलं दत्तक घ्यायला फारसं कुणी येत नाही. प्रतिपालक घराची वाट तीच पाहत आहेत. यवतमाळात जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, प्रत्येक जिल्ह्यात आहे. तिथे जाऊन विचारा.

एवढं जमणार नसेल तर दुसरं एक करा. तुमच्या गल्लीत, तुमच्या गावात, तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या शेजारी आजीजवळ किंवा मामाजवळ वाढणारं एखादं लेकरू नक्की असेल. त्या आजीला बालसंगोपनचा अर्ज भरून द्या, तिच्यासोबत एकदा तहसीलला जा, बँकेत खातं उघडून द्या. अशा लेकराला कोणी त्रास देत असेल, मारत असेल, उपाशी ठेवत असेल तर 1098 वर फोन करा, तो फोन फुकट आहे. बालसंगोपनचा अर्जही फुकट आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.